खर्चाच्या डेटात ढीगभर शून्यं, आणि लॉग घेतला की उत्तरच उलटं येतंय. काय करू?

सावली_२१:
नमस्कार मंडळी. पब्लिक हेल्थमध्ये मास्टर्स करतेय, थीसिसचं ॲनालिसिस चालू आहे आणि एका ठिकाणी पार अडकलेय. डायबिटीस आणि बीपीच्या पेशंटसाठी एक फॉलोअप प्रोग्रॅम होता, नर्स नियमित फोन करणार, औषधं चालू आहेत का बघणार, गरज वाटली तर डॉक्टरकडे पाठवणार, असा. माझ्याकडे प्रोग्रॅममधल्या आणि प्रोग्रॅमबाहेरच्या लोकांचा वर्षभराचा क्लेम डेटा (इन्शुरन्सकडे आलेली बिलं) आहे, माणशी एक ओळ. ओपीडी व्हिजिट किती, ॲडमिशन किती, एकूण खर्च किती.

खर्चाचा हिस्टोग्राम काढला तर डावीकडे शून्यावर एक भलामोठा खांब, त्यानंतर उतरण, आणि उजवीकडे संपतच नाही अशी शेपूट, अगदी टोकाला आयसीयू आणि डायलिसिसवाले दोनचार जण. गाइड म्हणाले शून्यवाले काढून टाक, वरचा एक टक्का काढून टाक, उरलेल्यांचा लॉग घे आणि साधं रिग्रेशन चालव. तसं केलं तर प्रोग्रॅमचा कोएफिशियंट निगेटिव्ह, पी व्हॅल्यूसुद्धा छान, म्हणजे प्रोग्रॅममुळे खर्च कमी झाला. पण काहीही न काढता दोन्ही गटांची नुसती सरासरी काढली तर प्रोग्रॅमवाल्यांची सरासरी जास्त येते! डिपार्टमेंटमधल्या दुसऱ्या एकांनी सांगितलं की शून्य काढू नकोस, सगळ्यांत १ मिळव आणि मग लॉग घे, तर कोएफिशियंट पॉझिटिव्ह आला आणि तोही केवढा मोठा.

डेटा एकच आणि उत्तरं तीन. हा प्रोग्रॅम पुढे चालवायचा का हे ज्यांनी ठरवायचंय ते लोक हा रिपोर्ट वाचणार आहेत, त्यामुळे जे छान दिसतंय ते लिहून मोकळं व्हावं असं मला अजिबात वाटत नाही. नेमकं कुठलं उत्तर धरायचं आणि का, हे कुणी नीट समजावून सांगेल का?

अर्धवर्तुळ:
सावली, तुला आलेली तीन उत्तरं ही तीन वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत, त्यामुळे ती जुळणार नाहीतच. आधी हे ठरव की वाचणाऱ्याला काय हवंय. प्रोग्रॅम चालवायचा की नाही हे ठरवणाऱ्याला माणशी सरासरी खर्च हवा असतो, कारण सरासरीला माणसांच्या संख्येने गुणलं की एकूण बजेट येतं. मीडियनला गुणून बजेट येत नाही, लॉगच्या सरासरीला गुणून तर काहीच येत नाही. आणि माणशी म्हणजे सगळी माणसं, ज्यांनी वर्षभरात दवाखान्याचं तोंड पाहिलं नाही ती पण.

शून्यवाले काढायला माझा सक्त विरोध आहे. शून्य म्हणजे डेटा मिसिंग नाही, त्या माणसाने सेवा वापरली नाही ही खरीखुरी माहिती आहे, आणि तुझ्या प्रोग्रॅमचं कामच मुळी लोकांना डॉक्टरकडे पाठवणं हे आहे! हे आकडे बघ, समजण्यापुरते घेतलेत. प्रोग्रॅमबाहेरच्यांपैकी ५० टक्के लोकांनी सेवा वापरली आणि वापरणाऱ्यांचा सरासरी खर्च १२,०००. प्रोग्रॅममधल्या ७० टक्के लोकांनी वापरली आणि वापरणाऱ्यांचा सरासरी खर्च १०,०००. शून्यवाले काढलेस तर प्रोग्रॅमने २,००० वाचवले असं दिसणार. पण सगळे धरले तर बाहेरच्यांचा माणशी खर्च ६,००० आणि आतल्यांचा ७,०००. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, जास्त लोक दवाखान्यात पोचले आणि पोचलेल्यांवरचा खर्च कमी झाला. तुझ्या डेटात बहुतेक हेच चाललंय.

म्हणूनच अशा डेटासाठी टू-पार्ट मॉडेल वापरतात. पहिल्या भागात लॉजिट किंवा प्रोबिट, खर्च झाला की नाही झाला एवढंच. दुसऱ्या भागात फक्त ज्यांचा खर्च झाला त्यांच्यात किती झाला. शेवटी प्रत्येक माणसासाठी दोन्हींचा गुणाकार करून सरासरी काढायची. अमेरिकेत १९७४ ते १९८२ मध्ये रँड या संशोधन संस्थेचा हेल्थ इन्शुरन्सचा मोठा प्रयोग झाला होता, कुटुंबांना चक्क रँडम पद्धतीने वेगवेगळे प्लॅन दिले, कुणाला सगळं फुकट, कुणाला ठराविक मर्यादेपर्यंत बिलाचा ९५ टक्के हिस्सा स्वतः भरायचा. त्याच्या ॲनालिसिसमधून ही पद्धत रुळली. त्यात दिसलं ते असं की खिशातून पैसे द्यावे लागले की लोक मुळात डॉक्टरकडे जाणंच कमी करतात, एकदा गेल्यावर त्या आजारपणाच्या खर्चात तितका फरक पडत नाही. शून्यवाले फेकून दिले असते तर त्या प्रयोगातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हातातून निसटली असती.

आता ते १ मिळवायचं. ते तर करूच नकोस. १०,००० खर्चाचा लॉग साधारण ९.२१, आणि शून्याचा १ मिळवून ०, म्हणजे अंतर ९.२१. तोच खर्च हजारांत मोजला तर १० झाला, त्यात १ मिळवून लॉग २.४०, अंतर २.४०. माणूस तोच, आजार तोच, खर्च तोच, फक्त एकक बदललं आणि शून्यापासूनचं अंतर चौथाई झालं! तुझा तो मोठा पॉझिटिव्ह कोएफिशियंट बऱ्याच अंशी एककावर उभा आहे.

पारिजात_म:
शून्याबद्दल वरच्या प्रतिसादाशी पूर्ण सहमत. मी फक्त त्या वरच्या एक टक्क्याबद्दल लिहिते.

आरोग्याच्या खर्चात थोड्या लोकांवरच बराचसा पैसा जातो, हे जिथे जिथे मोजलंय तिथे दिसलंय. अमेरिकेच्या सर्व्हेमध्ये वरच्या ५ टक्के लोकांवर एकूण खर्चाच्या निम्म्याच्या आसपास खर्च होतो. तेव्हा वरचे एक टक्का काढून टाकले तर डेटा स्वच्छ होत नाही, ज्या खर्चासाठी हा अभ्यास चाललाय त्याचाच मोठा तुकडा फेकला जातो. आयसीयूतला माणूस हा आउटलायर नसतो गं, तो पेशंट असतो. त्याची ओळख पटवून बिल खरं आहे का तपास. टायपिंगमध्ये एक शून्य जास्त पडलंय का, एकच क्लेम दोनदा आलाय का, रद्द झालेला क्लेम प्लसमध्ये मोजलाय का, हे सगळं बघ. चूक सापडली तर दुरुस्त कर, चूक नसेल तर तो आकडा राहिला पाहिजे. मग सेन्सिटिव्हिटी म्हणून वरचे थोडे काढून उत्तर किती हलतं ते वेगळ्या टेबलात दाखव, मुख्य टेबलात नको. आणि खर्च म्हणजे नक्की कुठला आकडा घेतलायस तेही लिही, हॉस्पिटलने लावलेलं बिल, इन्शुरन्सने मंजूर केलेली रक्कम, की प्रत्यक्ष दिलेली? तिन्ही वेगळे असतात.

बिंदुगामी:
दुसऱ्या भागात लॉग घ्यायचा की नाही यावर कुणी बोललं नाही अजून, आणि खरी गोम तिथेच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

दोन गट घे, तीन तीन माणसांचे. पहिल्या गटाचे खर्च १,०००, १०,००० आणि १,००,०००. दुसऱ्या गटातले तिघेही १०,०००. आता लॉग घेऊन सरासरी काढ, दोन्ही गटांची सरासरी अगदी तंतोतंत सारखी, उलट फिरवलं की दोन्हीकडे १०,०००. लॉगवालं रिग्रेशन तुला ठामपणे सांगणार की काहीही फरक नाही. पण खरी सरासरी पहिल्या गटाची ३७,००० आणि दुसऱ्याची १०,०००. जवळजवळ चौपट फरक आणि मॉडेलला दिसतच नाही, कारण फरक आहे तो पसाऱ्यात, आणि लॉग घेतल्यावर तो पसारा रेसिड्युअलमध्ये (मॉडेलचा अंदाज आणि खरा आकडा यांतल्या फरकात) जाऊन बसतो.

लोकांना वाटतं लॉगच्या उत्तराचा एक्स्पोनेन्शियल घेतला की झालं काम. नाही होत! त्याने जिओमेट्रिक मीन (गुणोत्तरी सरासरी) मिळतो, साधी सरासरी नाही. यावर दुआन यांनी १९८३ मध्ये स्मिअरिंग नावाचा उपाय काढला (ते पण रँडमध्येच होते), रेसिड्युअलचे एक्स्पोनेन्शियल घ्यायचे, त्यांची सरासरी काढायची आणि तिने गुणायचं. वरच्या उदाहरणात करून बघ. पहिल्या गटाचे रेसिड्युअल उलट फिरवले की ०.१, १ आणि १० मिळतात, सरासरी ३.७, त्याने १०,००० ला गुणलं की बरोब्बर ३७,०००. दुसऱ्या गटाचा फॅक्टर १. मस्त. पण दोन्ही गटांचा मिळून एकच फॅक्टर काढलास, जो बरेच जण काढतात, तर तो येतो २.३५ आणि दोन्ही गटांना २३,५०० चिकटतात, म्हणजे दोन्हीकडे चूक. तेव्हा स्मिअरिंग वापरायचं असेल तर पसारा गटागटात सारखा आहे का हे आधी तपासायलाच लागतं, आणि आपल्या डेटात तो सारखा क्वचितच असतो. वय, आजाराची तीव्रता, प्रोग्रॅम, कशानेही बदलतो.

या भानगडीतून सुटायचा सरळ रस्ता म्हणजे जीएलएम (जनरलाइज्ड लिनिअर मॉडेल), लॉग लिंक आणि गॅमा डिस्ट्रिब्युशन. नावात लॉग असला तरी गोष्ट वेगळी आहे, इथे खर्चाचा लॉग घेत नाही, सरासरीचा लॉग घेतो. त्यामुळे उत्तर थेट सरासरीच्या भाषेत येतं, वरच्या दोन गटांना जीएलएम लावलं तर गुणोत्तर थेट ३.७ मिळेल. गॅमाच का हा प्रश्न गाइड विचारतीलच, तेव्हा मॉडिफाइड पार्क टेस्ट करून ठेव. आधी एक मॉडेल चालवायचं, मूळ खर्चाच्या स्केलवर रेसिड्युअलचे वर्ग घ्यायचे आणि ते अंदाजित खर्चाच्या लॉगवर परत लॉग लिंकच्या जीएलएमने रिग्रेस करायचे. कोएफिशियंट ० जवळ आला तर गाउशियन, १ जवळ तर पॉयसन, २ जवळ तर गॅमा, ३ जवळ तर इन्व्हर्स गाउशियन. खर्चाच्या डेटात बऱ्याचदा २ च्या आसपास येतो. फॅमिली (गॅमा, पॉयसन वगैरेंतली निवड) थोडी चुकली तरी लिंक बरोबर असेल तर सरासरीचा अंदाज सहसा बिघडत नाही, फक्त रोबस्ट स्टँडर्ड एरर घ्यायला विसरू नकोस. एक धोक्याची गोष्ट मात्र सांगतो, शेपूट फारच जड असेल तर जीएलएमचे अंदाज खूप हलतात, म्हणून भाकीत केलेली सरासरी आणि खरी सरासरी दहा भागांत पाडून शेजारी शेजारी लाव आणि वरच्या दहाव्या भागात किती चुकतंय ते डोळ्यांनी बघ.

कॉन्फिडन्स इंटर्व्हलसाठी बूटस्ट्रॅप कर (त्याच डेटातून पुन्हा पुन्हा नमुने घेऊन उत्तर किती हलतं ते बघायचं), पण दोन्ही भाग एकत्र, म्हणजे माणसं रीसँपल करून लॉजिट, जीएलएम आणि गुणाकार हे सगळं प्रत्येक वेळी नव्याने. नुसत्या दुसऱ्या भागाचा बूटस्ट्रॅप केलेले पेपर पाहिलेत मी, त्यात पहिल्या भागाची अनिश्चितता मोजलीच जात नाही. आरमध्ये छोटं फंक्शन लिहून होतं, स्टाटात तर टू-पार्टची तयार कमांड मिळते.

सावली_२१:
बाप रे, इतकं सविस्तर! मनापासून आभार सगळ्यांचे. ते तीन माणसांचं उदाहरण कागदावर करून पाहिलं आणि लख्ख कळलं.

टू-पार्ट चालवलं. पहिल्या भागात प्रोग्रॅममुळे सेवा वापरण्याची शक्यता चांगलीच वाढते. दुसऱ्या भागात वापरणाऱ्यांचा खर्च कमी, पण आधीच्या लॉग रिग्रेशनमध्ये दिसत होता तितका नाही. गुणाकार केल्यावर माणशी खर्च प्रोग्रॅममध्ये थोडा जास्त, बूटस्ट्रॅपचा इंटर्व्हल शून्याच्या दोन्ही बाजूंना जातोय. पार्क टेस्टला १.८ आला, म्हणजे गॅमा ठीक दिसतोय.

आता अजून दोन शंका. व्हिजिटच्या संख्येसाठी पण हेच करायचं का? आणि काही लोक वर्षाच्या मध्येच वारले, काहींचा इन्शुरन्स संपला, त्यांचा डेटा अर्धाच आहे. मी त्यांचा खर्च महिन्यांनी भागून १२ ने गुणणार होते, चालेल ना?

पारिजात_म:
व्हिजिट मोजून होतात, त्यामुळे तिथे काउंट मॉडेल. पॉयसनमध्ये सरासरी आणि व्हेरियन्स (पसाऱ्याचं माप) सारखे असायला हवेत, दवाखान्याच्या व्हिजिटमध्ये ते कधीच नसतात, काही लोक एकदा जातात आणि काही दर आठवड्याला. निगेटिव्ह बायनॉमिअल घे, किंवा पॉयसनच घेऊन रोबस्ट स्टँडर्ड एरर लाव. किती महिने तो माणूस डेटात होता त्याचा लॉग ऑफसेट म्हणून टाक, म्हणजे कमीजास्त महिन्यांचा हिशोब जुळतो. ॲडमिशन वेगळ्या मोज, ओपीडीबरोबर बेरीज करू नकोस, रँडवाल्यांनीही पुढे ॲडमिशनवाल्यांसाठी वेगळे भाग केले होते कारण त्यांच्या खर्चाची जातच वेगळी.

बिंदुगामी:
बाराने गुणणं नको गं! जो माणूस चौथ्या महिन्यात वारला त्याचे शेवटचे महिने सगळ्यात महागडे असतात. त्याला तिप्पट केलंस तर तो माणूस मेल्यानंतरही आठ महिने आयसीयूत पडून राहिल्यासारखा हिशोब होईल. त्याचा वर्षाचा खर्च पूर्ण झालेला आहे, जितका झाला तितकाच धरायचा.

ज्यांचा इन्शुरन्स मध्येच संपला त्यांचं वेगळं, त्यांचा पुढचा खर्च झाला असेल पण आपल्याला दिसत नाही, हे खरं सेन्सॉरिंग. आता काहीजण म्हणतील कापलान मायर (लोक किती काळ टिकतात हे मोजायची पद्धत) लावा, वेळेच्या जागी खर्च टाका. ते चुकतं, कारण ज्यांचा खर्च भराभर वाढतो ते सेन्सॉर होतानाही जास्त खर्चावर होतात, म्हणजे वेळेच्या पट्टीवर सेन्सॉरिंग निरपेक्ष असलं तरी खर्चाच्या पट्टीवर राहत नाही. यावर लिन आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये आणि बँग आणि त्सियाटिस यांनी २००० मध्ये पद्धती दिल्यात. दुसरीचा गाभा सोपा आहे, ज्यांची माहिती पूर्ण आहे त्यांना ती पूर्ण दिसण्याच्या शक्यतेच्या उलट वजन द्यायचं, म्हणजे जे मध्येच दिसेनासे झाले त्यांचा भार बाकीचे उचलतात. वर्षाचे महिन्या-महिन्याचे तुकडे करून हे केलं तर अर्धवट डेटाही वापरात येतो.

जुना_ॲक्च्युअरी:
उशिरा वाचला धागा. सगळे मॉडेलवर बोलतायत, मला त्याच्याही आधीचं विचारायचंय. प्रोग्रॅममध्ये लोक आले कसे? कुणी निवडले?

बहुतेक ठिकाणी मागच्या वर्षी ज्यांचा खर्च जास्त झाला त्यांनाच असल्या प्रोग्रॅममध्ये घेतात. आणि मागच्या वर्षी खर्च जास्त झालेल्यांचा पुढच्या वर्षी आपोआप कमी होतो, काही न करता, कारण ज्या वर्षी ऑपरेशन झालं नेमकं त्या वर्षी आपण त्यांना पकडलेलं असतं. रिग्रेशन टू द मीन. माझ्या कामात आधी आणि नंतरची तुलना दाखवून बचत झाली म्हणणारे किती प्रेझेंटेशन पाहिले त्याला गणती नाही, आणि त्या पैशावर पुढचे निर्णय होतात म्हणून फार वाईट वाटतं.

न्यू जर्सीतल्या कॅमडेनचं उदाहरण वाचच. वारंवार ॲडमिट होणाऱ्या, खूप गुंतागुंतीच्या पेशंटना नर्स, सोशल वर्कर यांची टीम घरी जाऊन मदत करायची, फार गाजलेलं काम. त्यांनी पुढे धीर करून रँडमाइज्ड ट्रायल केली, ८०० पेशंट, निकाल २०२० मध्ये आला. १८० दिवसांत परत ॲडमिट होणारे प्रोग्रॅममध्ये ६२.३ टक्के आणि प्रोग्रॅमबाहेर ६१.७ टक्के. ॲडमिशन दोन्ही गटांत आधीपेक्षा कमी झाल्या होत्या! कंट्रोल ग्रुप नसता तर ती सगळी घट प्रोग्रॅमच्या नावावर जमा झाली असती. ट्रायल करून निकाल जसाच्या तसा छापला याबद्दल त्या लोकांविषयी मला नितांत आदर आहे.

तुझ्याकडे ट्रायल नाही, ठीक आहे, पण मागच्या वर्षाचा खर्च आणि ॲडमिशन मिळव आणि मॉडेलमध्ये घाल, किंवा त्यावर मॅचिंग कर. मागचं वर्षच नसेल तर कितीही सुंदर गॅमा लावलास तरी फरक प्रोग्रॅमचा की निवडीचा हे सांगता येणार नाही, आणि रिपोर्टमध्ये तसं स्पष्ट लिहावं लागेल.

सावली_२१:
निवड डॉक्टरांच्या शिफारशीने झाली होती, म्हणजे तुम्ही म्हणताय तसंच. मागच्या वर्षाचा डेटा मागितला तर मिळेल, आजच मेल टाकते. पण समजा सगळं नीट करूनही शेवटी माणशी खर्च थोडा वाढलेलाच निघाला तर? प्रोग्रॅम बंद करतील या भीतीने पोटात गोळा येतोय.

अर्धवर्तुळ:
खर्च वाढला म्हणजे प्रोग्रॅम वाया गेला असं मुळीच नाही, आणि हे तुझ्या रिपोर्टमध्ये ठळकपणे आलं पाहिजे. कमी खर्च म्हणजे कमी आजार नव्हे. २०१९ मध्ये सायन्समध्ये ओबरमायर आणि सहकाऱ्यांचा पेपर आला होता, अमेरिकेत जास्तीची मदत कुणाला द्यायची हे ठरवणारं एक अल्गोरिदम होतं, ते गरजेऐवजी खर्चाचा अंदाज करायचं. कृष्णवर्णीय पेशंटवर तितक्याच आजाराला कमी खर्च होत आला होता, म्हणून मशीनला ते कमी आजारी वाटले. हा भेद काढला असता तर जास्तीची मदत मिळणाऱ्यांत त्यांचं प्रमाण १७.७ वरून ४६.५ टक्क्यांवर गेलं असतं. तुझे ते शून्यवाले आठव. डायबिटीस आहे आणि वर्षभरात एकही व्हिजिट नाही, असा माणूस स्वस्त नाही, तो उपचाराविना राहिलेला माणूस आहे.

म्हणून खर्चाचा एकच आकडा देऊ नकोस. किती लोक पहिल्यांदा डॉक्टरपर्यंत पोचले, ओपीडीचा खर्च किती वाढला, ॲडमिशनचा किती कमी झाला, आणि शुगर, बीपी कंट्रोलमध्ये असलेल्यांचं प्रमाण किती बदललं, हे शेजारी शेजारी दे, प्रत्येकाच्या इंटर्व्हलसकट. शुगर-बीपीचं रीडिंग क्लेममध्ये नसणार, ते नर्सच्या फोनच्या नोंदींत असेल का बघ, मागच्या वर्षाच्या डेटासाठी मेल टाकतेयस त्यातच ते पण माग. आणि प्रोग्रॅमबाहेरच्यांचं रीडिंग कुठून मिळेल तेही विचार, नाहीतर तुलनेला दुसरी बाजूच राहणार नाही.